माझा नायक जागा होईना

निवृत्त झालो त्या दिवशी कारखान्यातल्या मंडळींनी शाल दिली, नारळ दिला, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मी भाषणाच्या भरात सांगून बसलो की आता मी कादंबरी लिहिणार. घड्याळ तिसऱ्या महिन्यात बंद पडलं. कादंबरी बंद पाडायची मात्र सोय राहिली नाही, कारण साताऱ्याच्या मेहुण्यापासून ते इथल्या, कन्नड मुलखातल्या मराठी मंडळाच्या खजिनदारापर्यंत जो भेटेल तो विचारायचा, "काय, आली का कादंबरी?" लग्नात, बारशात, एकदा तर स्मशानातसुद्धा. शेवटी दीड वर्ष खपून मी ती लिहिली.

कादंबरी होती पुढच्या काळातल्या एका शहराची. तिथे प्रत्येक घराच्या भिंतीत एक उत्तरपेटी. सकाळी सात वाजता ती बोलायला लागते आणि दिवसभरात तुम्हाला जे जे विचारावंसं वाटेल त्याची उत्तरं आधीच सांगून टाकते. प्रश्नांवर बंदी नाही, प्रश्नांची गरजच उरलेली नाही. माझा नायक या पेट्या दुरुस्त करणारा सरकारी माणूस. घरोघर जातो, चार स्क्रू काढतो, तार जोडतो, चार स्क्रू बसवतो. मग एक दिवस त्याला एक बंडखोर तरुणी भेटते आणि त्याचे डोळे उघडतात. सगळी कादंबरी या डोळे उघडण्यावर उभी. त्या तरुणीच्या तोंडी मी अकरा पानांचं भाषण घातलं होतं. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला होता, खोटं कशाला बोलू.

सहा प्रकाशकांना पाठवली. पाच जणांनी पोचसुद्धा दिली नाही. सहावे पुण्याचे, वयस्कर, त्यांनी गणपती झाल्यावर फोन केला. आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही, बोलायचं तर चौथ्या मजल्याच्या जिन्यापाशी उभं राहावं लागतं. मी धावत बाहेर गेलो.

"शहर छान उभं केलंय," ते म्हणाले. "पण तुमचा नायक जागा होत नाही हो. ती पोरगी त्याला गदागदा हलवतेय आणि तो उठल्याचं सोंग करतोय. तेवढं परत लिहा. दिवाळीच्या आधी द्या, या वर्षीच्या यादीत घेतो."

"आणि नाही जमलं तर?"

"तर राहू द्या," ते म्हणाले. तुसडेपणा नव्हता, पण आशाही ठेवली नाही त्यांनी.

साठी उलटलेल्या माणसाला अशी संधी कितीदा येते? एक प्रकाशक, एक प्रकरण, दिवाळीपर्यंतचे सात आठवडे. नायक जागा होतो कसा, हे मी मोठमोठ्याने समजावून पाहिलं, मग हताश होऊन फोन ठेवला आणि वळलो. समोरच्या अक्का त्यांच्या दारात पाटावर बसून कोथिंबीर निवडत होत्या. अकरा वर्षांचा शेजार. मी सवयीने मान हलवली, आमचं नेहमीचं कन्नड वाक्य जुळवायला लागलो, तर त्या मान वर न करता म्हणाल्या, "मग, तो माणूस जागा का होत नाही म्हणता?"

मराठीत!

अकरा वर्षं मी या बाईंशी माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये बोलत होतो. पाणी आलं का, लिफ्ट चालू आहे का, दूधवाला आला का. घाम फुटायचा मला प्रत्येक वाक्याला. आणि त्या शांतपणे, सावकाश, मला समजेल अशा कन्नडमध्ये उत्तरं द्यायच्या.

"अक्का, तुम्ही मराठी आहात?"

"पावणेचारशे वर्षं झाली की हो. शहाजीराजांच्या मागनं आलेली आमची माणसं."

"मग बोलला नाहीत कधी?"

"पहिल्या दिवशी तुम्ही 'नीरु बरुत्ता' म्हणून विचारलं, पाणी येतं का म्हणून. मला वाटलं, माणूस कन्नड शिकतोय, शिकू दे." कोथिंबिरीची काडी त्यांनी बाजूला टाकली. "आता बरं येतंय तुम्हाला. स्वल्प क्रियापदं तेवढी चुकतात."

मी तरातरा घरात गेलो. "अगं, समोरच्या अक्का मराठी आहेत!"

बायको पोळ्या लाटत होती. "मग? मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. गोडा मसाला कुणाकडून आणते मी?"

"मला सांगितलं नाहीस ते?"

"तुम्ही विचारलंत कधी?" ती म्हणाली, आणि मग तिला हसू आवरेना. दोघींनी मिळून अकरा वर्षं माझी गंमत पाहिली होती. मी रागाने दोन पोळ्या कमी खाल्ल्या. त्याचा कुणावर काही परिणाम झाला नाही.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मीच अक्कांचं दार वाजवलं. त्यांनी प्रश्न विचारला होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, ते टोचत होतं. त्यांनी कॉफी केली, इकडच्या पितळी डबऱ्यात म्हणजे बसक्या वाटीत दिली, आणि स्वतःचं थोडं सांगितलं. टेलिफोन खात्यात एकोणतीस वर्षं चौकशीच्या टेबलावर होत्या. लोक फोन करून कुणाचा तरी नंबर विचारायचे, अक्का शोधून द्यायच्या. "मी तिकडची ऑपरेटर सतरा नंबर," त्या हसून म्हणाल्या. "एकोणतीस वर्षं लोकांनी मला विचारलं. आता मी विचारते." यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी शहराच्या दुसऱ्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीला असते, महिन्यातून दोनदा येते.

मग त्यांनी मला विचारलं, मी कारखान्यात काय करायचो.

तपासणी, मी म्हणालो. कारखाना संरक्षण खात्याचा. एक पितळी कडी असायची, तळहातावर मावेल एवढी. ड्रॉइंगबरहुकूम तिची जाडी मोजायची, बरोबर असेल तर शिक्का मारायचा. एकतीस वर्षं.

"कशाला लागायची ती कडी?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"आमच्याकडे तसंच असतं अक्का. ज्याला जेवढं लागतं तेवढंच सांगतात. विचारायचं नसतं."

यावर कुणीही काहीतरी बोललं असतं. कीव केली असती, नाहीतर देशसेवा वगैरे म्हटलं असतं. अक्कांनी मात्र पाट जवळ सरकवला. माझ्याकडे बघत राहिल्या, चेहऱ्यावर खरीखुरी उत्सुकता, उत्तर अजून यायचं आहे अशी. मग हळूच म्हणाल्या, "पण वाटत तरी होतं काय तुम्हाला? कशाची असेल?"

अहो, मी साठी उलटलेला घोडा, तिथे बसून पोरासारखा बोलायला लागलो. कारण मला वाटत होतं! पहिली दोन-तीन वर्षं रोज वाटायचं. दुर्बिणीची असेल, पाणबुडीची असेल. बसमध्ये परत येताना मी मनात तिच्याभोवती यंत्रं उभी करायचो. मग केव्हातरी ते थांबलं, आणि थांबलं हेसुद्धा मला कळलं नाही. मी अक्कांना ती सगळी यंत्रं सांगितली. त्यांनी पाणबुडीबद्दल चार प्रश्न विचारले. कॉफी गार झाली.

त्या बाईंच्या विचारण्याचं मला फार कौतुक वाटतं, आजही. आपण सगळे विचारतो ते माणसाची परीक्षा घ्यायला, नाहीतर आपली हुशारी दाखवायला. अक्का विचारायच्या कारण त्यांना माहीत करून घ्यायचं असायचं. विचारून झालं की गप्प बसायच्या. समोरच्याला शब्द सापडेपर्यंत थांबायच्या, मध्येच आपला शब्द पुरवायच्या नाहीत. आणि उत्तर मिळालं की त्यातूनच दुसरा प्रश्न काढायच्या. हा दुसरा प्रश्न खरा, असं त्यांचं म्हणणं. पहिला तर सगळेच विचारतात.

नंतर मी रोजच जायला लागलो. एका सकाळी त्या खिडकीत उभ्या होत्या. आमची इमारत यशवंतपूरला, मागच्या खिडक्या घाऊक बाजाराच्या बाजूला. पहाटेपासून कांद्याच्या गाड्या लागतात आणि वास थेट घरात येतो. मी अकरा वर्षं रोज उठून पहिलं काम करायचो ते ती खिडकी लावून घेण्याचं.

"आजचा वास वेगळा आहे, नाही?" अक्का म्हणाल्या.

"कांद्याचा वास तो, वेगळा काय असणार?"

"आहे वेगळा. कशामुळे असेल?"

"कुणास ठाऊक."

"ज्याला ठाऊक असेल तो खालीच आहे की," त्या म्हणाल्या, आणि चपला घालायला लागल्या. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई! गुडघे दुखतात म्हणून रोज ओरडते आणि वासाचं कारण शोधायला निघाली. मी मागोमाग निघालो, करतो काय.

बाजारात पोत्यांच्या थप्प्या, हमालांची आरडाओरड, पायाखाली टरफलं. अक्का थेट एका मोठ्या ट्रकपाशी गेल्या. ट्रकची नंबरपाटी आपल्याकडची. ड्रायव्हर टपावर बसून दात घासत होता. अक्कांनी मला कोपराने ढोसलं. "तुमच्या गावचा आहे, तुम्हीच विचारा."

मला भयंकर लाज वाटली. अनोळखी माणसाला सकाळी सात वाजता काय विचारायचं, बाबा रे, वास वेगळा का येतोय? विचारलं. तो हसला नाही. चूळ भरून खाली उतरला आणि दोन कांदे माझ्या दोन हातांत दिले.

"हा आमचा उन्हाळी. गावाकडं कांदाचाळीत ठेवलेला, पार सुकलेला. आणि हा इथला नवा, पावसात काढलेला, ओला. आजपासून ह्याच्या गाड्या चालू झाल्यात. त्याचाच वास तो. नाकाला लावून बघा की."

मी नाकाला लावले. खरंच वेगळे होते. एक कोरडा, झणझणीत. दुसरा मातीचा, कुबट, थोडा गोडसर. ड्रायव्हरने विचारलं, "इथं कधीपासून राहता?" मी म्हटलं, अकरा वर्षं. "आणि आज आलात होय खाली?" तो म्हणाला. मी ओशाळून कांदे परत दिले. पण मग मीच त्याला विचारलं की चाळीतला कांदा सडायला लागला तर आतून कळतो कसा. कुणी ढोसलं नव्हतं. तो अर्धा तास बोलला, मी अर्धा तास ऐकलं. परत येताना लक्षात आलं, अक्का केव्हाच घरी निघून गेल्या होत्या.

त्या दिवशी मी ती बंडखोर तरुणी तिच्या अकरा पानांसकट उडवली. तिच्या जागी एक म्हातारी बाई आणली. तिची उत्तरपेटी बिघडलीय म्हणून माझा नायक दुरुस्तीला जातो. ती पाट सरकवून जवळ बसते आणि विचारते, "ह्याच्या आत कोण बोलतं?" तो म्हणतो, "विचारायचं नसतं." ती म्हणते, "पण तुम्हाला वाटतं तरी काय?" बस्स. भाषण नाही, घोषणा नाही. तो पेटी दुरुस्त करून निघून जातो. मग पुढच्या घरी, रोजच्यासारखे चार स्क्रू काढतो आणि थांबतो. आणि लागत नसताना पाचवा स्क्रू काढतो.

हे वाक्य लिहिलं तेव्हा मला कळलं की हा उठला. मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात गेलो आणि बायकोला विनाकारण चहा करून दिला. तिने संशयाने माझ्याकडे पाहिलं.

दिवाळीला दहा दिवस होते. सोमवारी पुण्याला पाठवायची म्हणून गुरुवारी सगळी कादंबरी बगलेत मारून मी अक्कांकडे गेलो. देवनागरी त्यांना वाचता येते पण वेळ लागतो, शाळा सगळी कन्नडमध्ये झालेली. "तुम्ही वाचा, मी ऐकते. माझं काम कानांचंच," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या. तीन सकाळी वाचन चाललं. पाचव्या स्क्रूला त्या खुदकन हसल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! शेवटी नायक आख्ख्या शहराला प्रश्न विचारायला लावतो, पेट्या बंद पडतात, लोक रस्त्यावर येतात. मी शेवटचं पान खाली ठेवलं आणि शाबासकीची वाट पाहत बसलो.

"सरी," अक्का म्हणाल्या. ठीक आहे, या अर्थाने. "आणि त्या बाईचं काय झालं?"

"कुठल्या?"

"पेटी बिघडलेल्या."

"तिला पकडून नेतात ना. सातव्या प्रकरणात."

"कुठे?"

"ते... दिलेलं नाही."

"पेटी बंद होती तेव्हा ती दिवसभर काय करायची? तिला कुणाला काही विचारायचं होतं का?"

मी पानं चाळल्यासारखं केलं. त्यात काही नव्हतं हे मलाच माहीत होतं.

"तिचं नाव काय?"

"नाव नाही दिलेलं अक्का. 'ती बाई' असंच आहे."

"असं," त्या म्हणाल्या. राग नव्हता, उपहास नव्हता. "तुमच्या माणसानं सगळ्या गावाला विचारलं. तिला तेवढं विचारायचं राहिलं."

मी घरी आलो. उंबरठ्यावर थांबून मागे पाहिलं. समोरच्या दारावर पाटी होती, तिच्यावर अक्कांच्या यजमानांचं नाव, आद्याक्षरांसकट. फोन काढला. फोनमध्ये त्या होत्या 'समोरच्या अक्का'. आत जाऊन बायकोला विचारलं, "अगं, अक्कांचं नाव काय?"

जिला पहिल्या महिन्यापासून सगळं माहीत असतं, त्या माझ्या बायकोने तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या फोनमध्ये 'अक्का मसाला' होतं. मला माझीच इतकी लाज कधी वाटली नव्हती. कडीची गोष्ट सोडा, ते सरकारी होतं. इथे मला कुणी अडवलं होतं?

सोमवारी मी जिन्यापाशी जाऊन पुण्याला फोन लावला आणि म्हणालो, कादंबरी तयार नाही. एक माणूस राहिलाय.

"नायक जागा झाला की नाही?" प्रकाशकांनी विचारलं.

"झाला. पण त्याला जागं करणारी बाई मी नुसती वापरून टाकली. ते नीट करायचंय. वेळ लागेल."

"मग या वर्षीच्या यादीत नाही हं. पुढच्या वर्षीचं मी आज काही कबूल करत नाही. विचार करा."

"केलाय," मी म्हणालो. मेहुणा, खजिनदार, सगळे डोळ्यांपुढे आले. बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "बरं केलंत," आणि मग, "जा आता, विचारा."

अक्का कांदा चिरत होत्या. मी समोर पाटावर बसलो आणि विचारलं, "अक्का, तुमचं नाव काय?"

सुरी थांबली. "का हो?"

"सुम्ने," मी म्हणालो. सहज, काही कारण नाही.

त्यांनी पदराने डोळे टिपले. आता ते कांद्याचं होतं की कसलं ते मी विचारलं नाही, सगळंच विचारायचं नसतं. मग म्हणाल्या, "तिकडे 'सतरा नंबर बोलतेय' म्हणायचं असायचं. नाव सांगायचं नाही, नियमच होता. एकोणतीस वर्षं लोकांनी हजार नावं सांगितली मला, अमक्याचा नंबर द्या, तमक्याचा द्या. माझं कुणी विचारलं नाही. घरी आले की यांची बायको, हिची आई, मग अक्का. अक्का म्हणजे सगळ्यांचीच." थोड्या वेळाने त्यांनी नाव सांगितलं. आधी पुटपुटल्या, मग घसा साफ करून परत नीट सांगितलं, माहेरच्या आडनावासकट. छान नाव आहे. त्यांना शोभणारं.

मग मी त्यांनीच शिकवलेला दुसरा प्रश्न विचारला. हे नाव कुणी ठेवलं? त्या जेवणाच्या वेळेपर्यंत बोलत होत्या.

पुढचे सहा महिने मी ती बाई लिहिली. पकडून नेल्यावर ती कुठे जाते, तिथे कुणाला काय विचारते, पेटी बंद होती त्या दिवसांत तिने काय काय शोधून काढलं होतं. कादंबरी ऐंशी पानांनी वाढली. न विचारता पुण्याला पाठवून दिली. वैशाखात फोन आला, मी जिन्यापाशी धावलो. प्रकाशक म्हणाले, "तुमचा नायक ठीक आहे. पण त्या बाईने मला दोन दिवस काम करू दिलं नाही. घेतोय मी."

मी तिथेच ओरडलो. मजल्यावरची तीनही दारं उघडली.

कादंबरीतल्या बाईला आता नाव आहे. अक्कांचं नाही, दुसरं. शेवटच्या प्रकरणात नायक तिच्याकडे परत जातो आणि आधी तेच विचारतो. अक्कांचं नाव मी इथेही लिहीत नाही. तुम्हाला हवं असेल तर चौथ्या मजल्यावर डावीकडचं दार, सकाळी नवानंतर त्या मोकळ्या असतात. बेल वाजवा आणि तुम्हीच विचारा.